छर्ऱ्याची पाठवणी

हवेच्या बंदुकीसारखा विषय व्याख्यानमालेत कशासाठी, असे कित्येकांना वाटेल. या बंदुकीचे नाव काढले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जत्रेतला फुग्यांचा फळा उभा राहतो. नेम चुकला की दुकानदार म्हणतो, "तुमचा हात हलला", नेम धरणारा म्हणतो, "तुमची बंदूक वाकडी." दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य असते. परंतु या खटल्यात तिसराही एक आरोपी आहे आणि त्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. छर्ऱ्याला नळीतून ढकलीत आणणारी आणि त्याच्या पाठोपाठ नळीच्या तोंडातून बाहेर पडणारी हवा, हा तो आरोपी होय. त्या हवेची साक्षीपुराव्यानिशी चौकशी करावी, एवढाच आमचा आजचा उद्देश आहे.

प्रश्न किती बारीक आहे

चौकशीला हात घालण्यापूर्वी प्रश्नाचे माप घेऊ. दहा मीटर अंतरावरून हवेच्या रायफलीने नेमबाजी करण्याची स्पर्धा १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून त्या क्रीडामहोत्सवात होत आली आहे. लक्ष्याच्या मध्यभागी 'दहा'चा जो ठिपका असतो त्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान असतो. छर्रा मात्र ४.५ मिलिमीटर व्यासाचा, ठिपक्याच्या नऊपट. या ठिपक्याबाहेरची वर्तुळे अडीच-अडीच मिलिमीटरच्या अंतराने आखलेली असतात आणि प्रत्येक वर्तुळाला एक गुण कमी होतो. अलीकडे एका गुणाचेही दहा भाग पाडतात. म्हणजे छर्रा पाव मिलिमीटर बाजूला गेला की दशांश गुण गेला. पाव मिलिमीटर म्हणजे जवळजवळ आपल्या पोस्टकार्डाची जाडी.

या दशांशांवर काय अवलंबून असते ते २००८ साली बीजिंगला आपण पाहिले. शेवटची फैर झाडण्यापूर्वी आपले अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचे हेन्री हॅकिनेन यांचे गुण अगदी समान होते. बिंद्रा यांच्या अखेरच्या छर्ऱ्याला १०.८ गुण मिळाले, हॅकिनेन यांच्या छर्ऱ्याला ९.७. बिंद्रा यांचे एकूण गुण ७००.५ झाले आणि भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळाले. दुसऱ्या क्रमांकाचे चीनचे झू चिनान ६९९.७ वर राहिले. सबंध स्पर्धेअंती सुवर्ण आणि रौप्य यांत फरक राहिला तो आठ दशांशांचा. आपल्या महाराष्ट्रालाही हा खेळ परका नाही. मुंबईच्या अंजली भागवत यांनी २००० साली सिडनीला या प्रकाराची अंतिम फेरी गाठली, तर ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरो येथे याच प्रकारात जगज्जेते झाले. अशा नेमबाजांच्या मागे शेकडो मुलेमुली गावोगावच्या केंद्रांतून सराव करीत असतात. त्यांच्या दृष्टीने पाव मिलिमीटर ही काही करमणुकीची गोष्ट नव्हे.

आता थोडे गणित. स्पर्धेतला छर्रा साधारण अर्धा ग्रॅम वजनाचा असतो आणि तो सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने नळीबाहेर पडतो. दहा मीटर जाण्यास त्याला सेकंदाचे सुमारे सहा शतांश लागतात. या अवधीत तो एक मिलिमीटर बाजूला सरावयाचा असेल, तर त्याला आडवा वेग किती हवा? सेकंदाला सुमारे सतरा मिलिमीटर. म्हणजे मुंगीच्या चालीएवढा. पुढे जाण्याचा वेग १७० मीटर आणि बाजूला जाण्याचा वेग पावणेदोन सेंटिमीटर, म्हणजे दहा हजारांस एक हे प्रमाण. निघताना छर्ऱ्याला मुंगीच्या चालीएवढा जरी आडवा धक्का बसला, तरी चार दशांश गुण हातचे जातात. असा धक्का देण्याचे सामर्थ्य हवेत आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

नळीच्या आत

हवेची बंदूक मुख्यतः दोन तऱ्हांची असते. एकीत जोरदार स्प्रिंग असते. चाप ओढताच ती दट्ट्याला पुढे लोटते आणि दट्ट्यापुढची हवा दाबली जाऊन छर्ऱ्याला ढकलते. दुसरीत आधीच दाबून भरलेल्या हवेची नळकांडी असते आणि चाप ओढल्यावर झडप क्षणमात्र उघडून मापाची हवा नळीत येते. हल्लीच्या स्पर्धेच्या रायफली बहुधा या दुसऱ्या प्रकारच्या असतात. ही कल्पना नवी नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस जिरार्दोनी नावाच्या कारागिराने केलेल्या हवेच्या रायफली होत्या. त्यांच्या दस्त्यातच हवेची टाकी असे आणि ती पंपाने शेकडो दट्टे मारून भरावी लागे.

नळीत हवेचा जोर किती असतो याचा अंदाज आपल्याला घरबसल्या काढता येतो. अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड असा छर्रा १७० मीटर वेगाने निघतो, तेव्हा त्याच्या अंगी सुमारे साडेसात ज्यूल ऊर्जा असते. ही ऊर्जा त्याने साधारण ४२ सेंटिमीटर लांबीच्या नळीत मिळविलेली असते. भागाकार केला म्हणजे असे दिसते की, नळीभर त्याच्या पाठीवर सरासरी पावणेदोन ते दोन किलो वजनाएवढा रेटा होता. छर्ऱ्याचे बूड ते केवढे! त्याचे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी. तेव्हा हवेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सरासरी बारापट तरी असला पाहिजे. घर्षणाचा हिशेब धरला तर त्याहूनही काही अधिक.

हा दाब प्रारंभी अधिक असतो आणि छर्रा पुढे सरकू लागला, हवेला पसरण्यास जागा मिळू लागली, की तो उतरत जातो. परंतु छर्रा तोंडाशी पोहोचेपर्यंत तो उतरून वातावरणाइतका होत नाही. झडप किती वेळ उघडी राहिली आणि नळी किती लांब आहे, यावर शिल्लक अवलंबून असते. पण काही पट दाब उरलेला असतोच. बंदूक उडाल्यावर जो 'फट्' आवाज येतो तो याच शिल्लक हवेचा. खेड्यातली मुले बांबूच्या नळीत दोन्ही बाजूंनी रानफळे कोंबून काडीने मागचे फळ रेटतात, पुढचे फळ उडते आणि आवाज होतो. आवाज फळाचा नसतो. कोंडलेली हवा एकाएकी मोकळी झाली त्याचा असतो. हवेच्या बंदुकीचा आवाज ऐकू आला, याचाच अर्थ सर्व दाब छर्ऱ्याने वापरला नाही, काही उरला आणि तो त्याच्या पाठोपाठ बाहेर आला.

तोंडाशी काय घडते

आता नळीच्या तोंडाशी क्रमाने काय घडते ते पाहू. पहिल्याने छर्ऱ्याच्या पुढे नळीत असलेली साधी हवा बाहेर ढकलली जाते. फुंकणीतून फुंकर निघावी तसा हा झोत असतो आणि विडी ओढणाऱ्याने तोंडाने सोडलेल्या धुराच्या कड्यासारखे त्याचे एक कडे तयार होऊन पुढे जाते. त्यामागून छर्रा येतो. त्याचा मागचा काठ नळीच्या कडेवरून सुटला रे सुटला, की दाबलेली हवा चोहोबाजूंनी फाकते. नळीत ती छर्ऱ्यामागे त्याच्याच वेगाने चालत होती. आता अडथळा दूर झाल्यामुळे ती पसरता पसरता कितीतरी अधिक वेगाने, ध्वनीच्या वेगाच्या घरात आणि प्रसंगी त्याहूनही पुढे जाते. छर्रा सेकंदाला १७० मीटर जात असतो. हवेतून ध्वनी सुमारे ३४० मीटर जातो. तेव्हा मागून आलेली हवा छर्ऱ्याला गाठते, त्याच्या अंगावरून पुढे धावते आणि काही क्षण छर्रा आपल्याच हवेच्या ढगात गुरफटलेला असतो. पुढे ही हवा भोवतालच्या स्थिर हवेत मिसळून मंदावते आणि छर्रा तो ढग फोडून बाहेर पडतो.

हे सर्व डोळ्यांना दिसत नाही, मग कळले कसे, असे कोणी विचारील. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरी रस्त्यावरची हवा थरथरताना आपल्याला दिसते, कारण विरळ आणि दाट हवेतून जाताना प्रकाश वेगवेगळा वाकतो. हेच तत्त्व घेऊन हवेतील दाबाच्या लाटांची छायाचित्रे काढण्याची युक्ती ऑगस्ट ट्योप्लर या जर्मन शास्त्रज्ञाने १८६० नंतरच्या दशकात सिद्ध केली. प्राग येथील अर्न्स्ट माख यांच्या सूचनेवरून पेटर साल्खर यांनी १८८६ साली फिऊमे या बंदरात उडत्या गोळीची अशी छायाचित्रे घेतली. फिऊमे म्हणजे आजच्या क्रोएशियातील रियेका. त्या गावी व्हाइटहेड यांचा पाणतीरांचा कारखाना होता. पाणतीर चालविण्यासाठी दाबलेली हवा वापरीत असत, त्यामुळे तेथे अशा हवेला तोटा नव्हता. साल्खर यांनी तिचा झोत तोटीतून सोडून त्याचीही चित्रे घेतली, आणि वेगाने सुटणारी हवा सरळ एका रेषेत न जाता फुगते, आवळते, पुन्हा फुगते, अशी तिची ठरावीक नक्षी दिसून आली. १८८९ साली हे काम प्रसिद्ध झाले. तोंडाशी सुटणारी हवा हा केवळ तर्क नव्हे, तिचे चित्र शंभर वर्षांहून अधिक काळ मनुष्याच्या हाती आहे.

डमरू आणि फूल

आता छर्ऱ्याचे रूप पाहू, म्हणजे या हवेचे त्याच्याशी काय वैर आहे ते कळेल. हवेच्या बंदुकीचा छर्रा गोळीसारखा सरळ नसतो. त्याचे डोके भरीव, कंबर बारीक आणि मागचा भाग पोकळ व घेरदार असतो. युरोपात त्याला 'डायाबोलो' या खेळण्यावरून नाव पडले. आपण त्याला सरळ डमरू म्हणावे. घेर पातळ शिशाचा असल्यामुळे मागून हवेचा दाब आला की तो फाकून नळीला घट्ट बसतो आणि हवा निसटू देत नाही. घेराचा दुसरा उपयोग नळीबाहेर होतो. वजन पुढे डोक्यात आणि वाऱ्याला अडणारा पसारा मागे, अशी रचना असल्यामुळे समोरून येणारा वारा छर्ऱ्याचे तोंड नेहमी पुढे राखतो.

बॅडमिंटनचे फूल याच तत्त्वावर उडते. हा खेळ एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीत इतका रुळला होता की त्याला 'पूना' याच नावाने ओळखीत. तेव्हा हा दाखला आपल्या घरचाच आहे. फूल उलटे सोडले तरी ते हवेत गर्रकन वळते आणि बूच पुढे करूनच जाते. बाणाच्या शेपटीला पिसे बांधतात तीही याचसाठी.

परंतु या रचनेला एक अट आहे. वारा समोरून आला पाहिजे. फुलाला दोरा बांधून ते टेबलावरच्या पंख्यापुढे बूच पंख्याकडे करून धरा. ते निमूट राहते. आता त्याची पिसे पंख्याकडे करा. ते क्षणभर डगमगते आणि लागलीच उलटे फिरू पाहते. जी पिसे समोरच्या वाऱ्यात त्याला सावरतात, तीच मागच्या वाऱ्यात त्याला पाडतात. नळीच्या तोंडाशी छर्ऱ्याची अवस्था नेमकी हीच असते. मागून येणारी हवा त्याच्यापेक्षा वेगवान असल्यामुळे, तेवढ्यापुरता, वारा त्याला पाठीमागून लागतो. पुढे दहा मीटर जो घेर त्याचा रक्षक होणार, तोच या पहिल्या एकदोन सेंटिमीटरांत त्याचा वैरी असतो.

मग प्रत्येक छर्रा कोलांट्या का खात नाही? याला तीन कारणे आहेत. पहिले असे की, हा काळ फार अल्प असतो. दुसरे असे की, नळीच्या आतील पेचदार खाचांमुळे छर्रा स्वतःभोवती फिरत असतो. सुमारे ४५ सेंटिमीटरांत एक फेरा, असा पेच धरला तर निघताना तो सेकंदाला पावणेचारशे गिरक्या घेत असतो. आणि फिरता भोवरा सहज कलत नाही. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. हवा चोहोबाजूंनी सारखी सुटली, तर डावीकडचा धक्का उजवीकडच्या धक्क्याने फिटतो. खरी भीती हवेची नाही. भीती आहे ती पक्षपाती हवेची.

एका बाजूने आधी

पक्षपात कोठून येतो? छर्ऱ्याचा काठ आणि नळीची कड ज्या क्षणी एकमेकांना सोडतात, त्या क्षणी फट एकाच वेळी सबंध घेरभर उघडली पाहिजे. नळीच्या कडेला एके ठिकाणी बारीकशी खोच पडलेली असली, तर हवा तेथून आधी निसटते. छर्ऱ्याचा घेर डबीत आपटून चेपला असला, तरी तेच होते. हवा एका बाजूने आधी सुटली की छर्ऱ्याचे बूड दुसऱ्या बाजूला लोटले जाते आणि त्याचे डोके वाकडे होते.

हा धक्का पुरेसा आहे काय? आपण उदाहरणादाखल हिशेब करू. समजा, छर्रा सुटल्यावर सेकंदाच्या वीस हजाराव्या भागाइतका वेळ हवा त्याला सरासरी अर्धा किलो वजनाच्या जोराने रेटते. एवढ्या वेळात छर्रा सेंटिमीटरभरही पुढे जात नाही. हा रेटा पूर्णपणे सरळ मागून असेल, तर छर्ऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे अर्ध्या मीटरने वाढेल, आणि तेवढ्याने काही बिघडत नाही. परंतु त्यातला केवळ पंचविसावा भाग जरी आडवा पडला, तरी आडवा वेग सेकंदाला अठरा-एकोणीस मिलिमीटर होतो. मुंगीची चाल आपण सतरा धरली होती! शंभरात चार इतका पक्षपात, आणि छर्रा मिलिमीटरभर बाजूला. शिवाय वाकड्या झालेल्या छर्ऱ्यावर पुढे समोरचा वारा तिरपा लागतो, तो तोल सावरताना किंचित डुलत जातो आणि त्यात आणखी वाट चुकते, ते वेगळेच.

गोळीच्या बाबतीत याची परीक्षा अमेरिकेत फार पूर्वी झालेली आहे. मॅसॅच्युसेट्समधील डॉ. फ्रँकलिन मान यांनी रायफलीची गोळी फाकते का, या एकाच प्रश्नाचा चिकाटीने पाठपुरावा केला आणि आपले प्रयोग १९०९ साली 'द बुलेट्स फ्लाइट' या ग्रंथात मांडले. त्यांनी मुद्दाम गोळ्या बिघडवून मारून पाहिल्या. सर्वसाधारण समजूत अशी की, गोळीचे टोक वाकडे झाले तर नेम जाईल. आढळून आले ते निराळेच. टोक बिघडल्याने थोडे बिघडते. बूड बिघडल्याने पुष्कळ बिघडते. बूड हेच नळीच्या कडेला शेवटी सोडणारे अंग, आणि सुटणारा वायू तेथेच धक्का देतो. मान यांच्या रायफलीत दारू होती आणि आपल्या बंदुकीत हवा आहे. परंतु निरोपाच्या क्षणाचा न्याय दोहींना एकच.

सारखेपणा हेच मर्म

येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावयास हवा. हवेने प्रत्येक छर्रा डावीकडे बरोबर एक मिलिमीटर ढकलला, तर नेमबाजाचे काहीच नुकसान होत नाही. तो निशाण साधण्याची खूण एक मिलिमीटर उजवीकडे फिरवितो आणि मोकळा होतो. नुकसान होते ते धक्का दर वेळी बदलतो तेव्हा. एक छर्रा डावीकडे, दुसरा वर, तिसरा नीट, असे झाले की कोणतीही खूण कामास येत नाही. नळीच्या कडेची खोच जागच्या जागी असते, म्हणून तिच्या धक्क्याचा काही भाग तरी स्थिर असतो. चेपलेला घेर मात्र दर वेळी निराळ्या बाजूला येतो. यास्तव उत्तम नळीत वाईट छर्रे घालणे हा सर्वांत महाग पडणारा काटकसरीचा प्रकार होय. स्पर्धेचे छर्रे प्रत्येकाला स्वतंत्र खळगा असलेल्या पेटीत ठेवून विकतात, त्यामागे नखरा नाही, हे कारण आहे.

उपाय

शहाण्या कारागिरांनी या हवेवर जे उपाय योजले आहेत, ते सर्व वरील विवेचनातून आपोआप निघतात. पहिला उपाय, नळीची कड नळीच्या अक्षाशी काटकोनात आणि गुळगुळीत कातणे, व तिला धक्का लागू नये म्हणून ती किंचित आत घेणे. दुसरा, हवा बेताची वापरणे. झडप वेळेवर मिटली आणि छर्ऱ्याने नळीतच बहुतेक दाब वापरून घेतला, तर तोंडाशी भांडण करण्यास फारशी हवा उरत नाही. नळी लांब केल्यानेही हेच साधते. परंतु छर्रा नळीत जितका अधिक वेळ राहील तितका नेमबाजाच्या हाताच्या कंपाला वाव मिळतो. म्हणून लांबीलाही मर्यादा आहे. तिसरा उपाय, कित्येक नळ्यांचा शेवटचा भाग केसभर अरुंद ठेवतात, म्हणजे प्रत्येक छर्रा सारख्याच मापाचा होऊन सुटतो.

चौथा उपाय मोठा गमतीचा आहे. नळीच्या तोंडापुढे काही मिलिमीटर अंतरावर एक शंकूसारखा तुकडा बसवितात. त्याला मधोमध छर्ऱ्याहून थोडे मोठे छिद्र असते. छर्रा छिद्रातून सरळ निघून जातो. मागून येणारी बहुतेक हवा मात्र शंकूच्या उतारावर आपटून बाजूंना फेकली जाते. ताक घुसळून लोणी एकीकडे आणि ताक एकीकडे करावे, तशी येथे छर्ऱ्याची आणि हवेची फारकत होते. कित्येक रायफलींत हेच काम नळीच्या पुढे जोडलेल्या पोकळ नळकांड्याला बाजूंनी भोके ठेवून साधतात. परंतु शंकू नेमका मध्यावर बसला पाहिजे. तो केसभर जरी एका अंगाला गेला, तरी जो पक्षपात दूर करावयाचा तोच आपण विकत घेतला असे होते.

उपायाचा गुण आला की नाही हे ठरवितानाही विवेक हवा. तीन छर्रे जवळजवळ लागले म्हणून उपाय लागू पडला, असे ठरवू नये. तीन छर्रे योगायोगानेही जवळ लागतात. बंदूक पक्क्या आधारावर ठेवावी, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, दहा-दहा छर्ऱ्यांचे कित्येक गट मारावे आणि मग गटांचा फैलाव मोजावा. ज्याला हे करण्याचा कंटाळा असेल त्याने नवे साधन विकत घेऊ नये.

पालकांना आणि केंद्रांना

हे सर्व आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगितले, याला एक कारण आहे. केंद्रातल्या सामाईक बंदुकीवर शिकणारी मुले बहुधा जुनी, अनेक हातांतून गेलेली बंदूक वापरतात. तिची कड कोणी तोंडाकडून लोखंडी गज घालून साफ करताना खरवडलेली असते. छर्ऱ्यांची डबी दहा वेळा जमिनीवर पडलेली असते. अशा स्थितीत छर्रे फाकले, की बोलणी मात्र मुलाला बसतात. "लक्ष नाही, हात स्थिर नाही, तुझ्याने हे व्हायचे नाही." नवशिक्याच्या हाताचा दोष सर्वांत मोठा असतो, हे खरेच. पण तो दोष त्याचाच आहे ना, हे पाहिल्यावाचून त्याच्या माथी मारणे हा अन्याय आहे. आणि एखादे होतकरू मूल तेवढ्यावरून खेळ सोडून जाते, हे त्याहून मोठे नुकसान आहे.

तपासणीला खर्च नाही. बंदूक पूर्ण रिकामी आहे याची शिक्षकाने खात्री करावी, आणि मग कडेवरून कापसाचा बोळा हलकेच गोल फिरवावा. तंतू जेथे अडकेल तेथे खोच आहे. नळीच्या तोंडावर शिशाची काळसर भुकटी बसते. ती चोहोबाजूंनी सारखी पसरली आहे की एकाच अंगाला फराटा आहे, ते पाहावे. छर्रा भरण्यापूर्वी त्याचा घेर डोळ्यांखालून घालावा. नळी साफ करावयाची ती शक्य तर मागच्या बाजूने. आणि शिसे विषारी असल्याने हे सर्व झाल्यावर हात साबणाने धुवावे. पाच मिनिटांच्या या तपासणीनंतरही छर्रे फाकत असतील, तर मग खुशाल हाताकडे वळावे.

तात्पर्य

छर्रा नळीत सेकंदाचे सुमारे पाच सहस्रांश असतो. त्या अवधीत त्याला वेग मिळतो, गिरकी मिळते, दिशा मिळते. नंतर ज्या हवेने हे सर्व दिले तीच त्याला सोडताना, याच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्या वेळात, सर्व केले-सवरलेले बिघडवू शकते. भोवरा फिरविणाऱ्या मुलाला हे ठाऊक असते. दोरी कितीही घट्ट गुंडाळली, हात कितीही जोरात मारला, तरी शेवटचा वेढा सुटताना दोरी एका बाजूला ओढली गेली, तर भोवरा लवंडतो.

सारांश, जोर देणे सोपे आहे. सरळ सोडणे कठीण आहे. नळीच्या तोंडाची ती केसाएवढी कड घडविणारा कारागीर, छर्रे निवडून भरणारा नेमबाज आणि शिकाऱ्याची बंदूक आधी तपासून मग त्याला बोलणारा शिक्षक, हे तिघेही एकाच कामाला लागलेले असतात. जे आपल्या हातून सुटून जावयाचे आहे, ते सर्व बाजूंनी सारखे सुटावे, एवढेच ते काम आहे.